लोकसंगीत गावाचं की शहराचं?

माझगावात, डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ, एक चिनी मंदिर आहे. ते 1919 सालचं. नाव ‘सी यूप’, म्हणजे ‘चार तालुके’, दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातले. मुंबईत येऊन त्या मंडळींनी देवळाला आपल्या मुलखाचं नाव दिलं. आपल्याकडे चाळीत गावकीची खोली असायची ना, तशातलाच प्रकार.

त्या प्रांताच्या, म्हणजे कँटोनीज, संगीताची एक गंमत बघा. त्यात आज अग्रभागी असतं ते गाओहू हे वाद्य. ते खेड्यात जन्मलेलंच नाही. लुइ मन-सिंग लहानपणी ग्वांगदोंगहून शांघायला आले, आणि 1920च्या दशकात तिथे त्यांनी जुन्या अर्हूची रेशमी तार काढून पोलादी लावली, स्वर चढवला, वाद्य दोन गुडघ्यांत धरलं. शांघायची बोली निराळी. तिथे हा माणूस परमुलखातलाच. तरी ‘प्रादेशिक’ संगीताला नवा आवाज मिळाला तो तिथे!

आता लालबाग-परळला या. वाटेगावहून आलेले अण्णाभाऊ साठे, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी 1944 साली लालबावटा कलापथक काढलं. अण्णाभाऊंनी तमाशातलं गणपतीचं वंदन बदललं, गौळण गाळली. कोकणातले गिरणी कामगार दामोदर नाट्यगृहात नमन आणि शक्ती-तुरा बघत, घाटावरचे हनुमान थिएटरात तमाशा. गावी हे दोन मुलूख एकमेकांचं गाणं कधी ऐकते? इथे भिंतीला भिंत लागून ऐकत होते.

‘अस्सल’ म्हणजे मूळ जागेवरचं, असं आपण धरून चालतो. मला हे पटत नाही. अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड घ्या. मैना गावाकडे, नवरा मुंबईत. ती गावात बसून रचताच आली नसती. ताटातूट हाच तिचा विषय, आणि तोच संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या सीमाभागापर्यंत पोचला.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, पुढे गिरण्या गेल्या. पाळी सुटल्यावर एकत्र बसणारा श्रोताही पांगला. (आपल्याकडे श्रोत्याचा इतिहास कोणी लिहीत नाही, तो वेगळा विषय.) म्हणून ध्वनिमुद्रणं करणाऱ्या तरुणांना माझं सांगणं असतं, कोकणात जरूर जा, पण आधी लालबागच्या चाळी गाठा. डफावर थाप मारलेले हात अजून तिथे सापडतील, आणि त्या चाळी एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत.