नंबर बदलतो, ठसा राहतो

नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, की नाण्याचा छाप कागदावर उमटतो. हा खेळ तुम्ही खेळला असालच. मोटारसायकल परराज्यातून आणताना हाच खेळ सरकारी अर्जावर खेळावा लागतो, हे मात्र ठाऊक नसेल!

समजा, अंथुर्ण्याच्या एका शेतकऱ्याने विजापूरहून जुनी मोटारसायकल घेतली. पाटीवर कर्नाटकाचे 'केए'. गाडी येथे बारा महिन्यांहून अधिक राहणार असेल, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार (कलम ४७) नवा नंबर घ्यावा लागतो. मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला आणायचा, येथला कर भरायचा, मग बारामतीचा 'एमएच ४२' मिळतो. गाडी पुण्याची असती तर 'एमएच १२' तसाच राहिला असता. मालकाचे नाव व पत्ता तेवढा बदलला असता.

ना-हरकत दाखल्याच्या अर्जावर चेसिस नंबरचा पेन्सिलीने घेतलेला ठसा लागतो. हा नंबर सांगाड्याच्या पोलादावर, बहुधा हँडलजवळच्या नळीवर, ठोकलेला असतो. आताच्या गाड्यांवर तो सतरा अक्षरा-अंकांचा असतो. त्यांत आय, ओ आणि क्यू ही अक्षरे नसतात. एक आणि शून्य यांच्याशी घोटाळा नको ना! हाताने उतरवताना माणूस चुकेल, घासलेला ठसा चुकत नाही.

पण चोराने कानशीने आकडे घासून टाकले तर? खरी गंमत येथेच आहे. ठसा ठोकताना पोलाद नुसते खचत नाही. खाचेच्या तळाखालची स्फटिकरचनाही विस्कटते. वरून पृष्ठभाग गुळगुळीत केला, तरी हा विस्कटलेला थर आत शिल्लक राहतो. न्यायसहायक प्रयोगशाळेत त्यावर क्युप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे द्रावण लावतात. दाबलेल्या आणि न दाबलेल्या पोलादावर त्याचा परिणाम सारखा होत नाही, आणि पुसलेला आकडा हळूहळू दिसू लागतो. (हा प्रयोग घरी मुळीच नको.) फारच खोल घासले असेल, तर मात्र द्रावणही हात टेकते.

गाडी घेताना आपण टायर दाबतो, हॉर्न वाजवतो; चेसिस नंबर कोणी वाचत नाही! पैसे देण्यापूर्वी तो उजेडात वाचून नोंदणी-पुस्तकाशी ताडून पाहावा. गाडी चोरीची निघाली, तर गाडीही जाते आणि पैसेही.

तुमची सायकल उलटी करून पेडलच्या आसाची नळी पाहा. पुष्कळ सायकलींवर तेथे नंबर ठोकलेला असतो. त्याचा ठसा घ्या आणि वहीत चिकटवून ठेवा.