तिचं तिला जाऊ दे

‘आम्हाला इंजेक्शन द्यायचं नाहीये, डॉक्टर. तिचं तिला जाऊ दे, नैसर्गिक.’ हे वाक्य कानावर आलं की डॉक्टर वाद घालत नाहीत. पिशवीतून एक शंभर पानी वही काढतात, पट्टीने रकाने आखलेली, आणि समोर ठेवतात. ‘चालेल. मग काम खूप आहे. रात्री कोण उठणार ते आधी ठरवा.’

या डॉक्टर पुण्यात घरोघर जाऊन म्हाताऱ्या, बऱ्या न होणाऱ्या कुत्र्यामांजरांना बघतात. दवाखाना आहे, पण दुपारनंतर तो सहकाऱ्यावर सोडून त्या स्कूटर काढतात. एका पावसाळ्यात त्यांच्या मागे बसून मी बरीच घरं पाहिली. नैसर्गिक मरण म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: म्हातारं कुत्रं उन्हाला पडलंय, खाणं सोडलंय, आणि एका सकाळी उठतच नाही. असं जाणारीही असतात, पण फार थोडी. बाकीच्यांच्या किडन्या जातात, हृदय फुगतं, गाठी होतात, मागचे पाय लुळे पडतात, आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं. त्या आठवड्यांत आपोआप म्हणून काही होत नाही. प्रत्येक गोष्ट कुणीतरी करावी लागते.

कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, राणी होती. चौदा वर्षांची गावठी कुत्री, पिल्लू असताना पार्किंगमध्ये सापडलेली. काका बँकेतून निवृत्त, काकू शाळेतून. मुलगी परदेशात, रोज रात्री व्हिडिओ कॉलवर ‘राणीला दाखव’ म्हणणारी. राणीच्या रक्तातलं क्रिएटिनिन पाचाच्या वर गेलं होतं. किडनीच्या आजाराचे चार टप्पे मानतात, त्यातला हा शेवटचा. या आजाराची लबाडी अशी की साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत रक्ताच्या या तपासणीत फारसं काही दिसतच नाही. दिसतं तेव्हा उरलेल्या पावावर दिवस काढायचे असतात.

त्या दिवसांचं मुख्य साधन म्हणजे सलाइन. शिरेतून नव्हे, कातडीखाली. काकूंचा हात तोवर तयार झाला होता. आरएलची, म्हणजे रिंगर लॅक्टेटची, अर्ध्या लिटरची बाटली त्या आधी कोमट पाण्याच्या पातेल्यात उभी ठेवत. थंड पाणी कातडीखाली गेलं की जनावर दचकतं. मग बाटली पडद्याच्या दांडीला. दोन खांद्यांच्या मध्ये कातडी चिमटीत धरून वर ओढायची, तिचा तंबू झाला की त्याच्या बुडाशी सुई आडवी सरकवायची. सुई बारीक घ्यावी असं आपल्याला वाटतं. डॉक्टर अठरा नंबरचीच देतात. टोचताना जरा जास्त लागते, पण दोनशे मिली पाच-सात मिनिटांत संपतं; बारीक सुईने तेच वीस मिनिटं चालतं आणि तेवढा वेळ कुठलंही कुत्रं बसून राहत नाही. संपलं की खांद्यावर लिंबाएवढा, कधी संत्र्याएवढा फुगा येतो. तो हळूहळू खाली सरकत पुढच्या पायात उतरतो आणि काही तासांत जिरून जातो. पहिल्यांदा पाय सुजलेला पाहून काकांनी रात्री अकरा वाजता फोन केला होता. आता ते नुसते वहीत लिहितात, ‘डावा पाय, सकाळपर्यंत उतरला.’

सलाइनपेक्षा जास्त वेळ फरशी खाते. आपल्याकडच्या घरांतल्या गुळगुळीत टाइल्स म्हाताऱ्या कुत्र्यांच्या वैरी आहेत. मागचे पाय फाकतात, कुत्रं एकदा पडलं की उठायचं धाडसच करत नाही, आणि न उठणाऱ्या कुत्र्याचे स्नायू भराभर गळतात. राणीच्या हॉलपासून बाल्कनीपर्यंत योगाच्या चटया चिकटपट्टीने जोडल्या होत्या. शेवटच्या दिवसांत पोटाखालून जुनी ओढणी घालून काका तिला उचलून धरत, ती पुढचे पाय टाकत जाई. पूर्ण आडवी पडल्यावर दर तीन-चार तासांनी कूस बदलायची: रात्री अकराला, अडीचला, पहाटे सहाला. खुबा, खांदा, कोपर ही हाडं कातडीला आतून टोचतात आणि बेडसोर होतो. पुण्याच्या पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की दिवसा-दोन दिवसांत अळ्या. त्यामुळे शेपटीखालचे केस कात्रीने बारीक कापणं, शू झाली की कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडं करणं, अंडरपॅड बदलणं, हे सगळं औषधाइतकंच महत्त्वाचं. एका घरी मालक सगळी महागडी औषधं वेळेवर देत होते, पण त्यांच्या कुत्र्याच्या शेपटीखाली डॉक्टरांनी हात घातला आणि हात बाहेर काढून त्या काही क्षण बोलल्याच नाहीत. त्या घरून निघाल्यावर सिग्नलला त्या म्हणाल्या, ‘माया असते हो. मागची बाजू बघायची सवय नसते.’

खाण्यावरून घराघरांत भांडणं होतात. आपल्याकडे माया म्हणजे भरवणं. न खाणारं जनावर समोर दिसलं की माणसाचा धीर सुटतो. किडनी गेलेल्या जनावराला सतत मळमळतं. तोंडात व्रण येतात, श्वासाला अमोनियाचा वास येतो. तिथे चिकनचा रस्सा घेऊन मागे लागणं म्हणजे छळच. आधी मळमळीचं औषध, मग तासाभराने अन्न, तेही कोमट, वास येईल असं, आणि तोंड फिरवलं की ताटली उचलायची. सिरिंजने घशात ओतलं तर ते फुप्फुसात जाण्याची भीती. काकूंना ही गोष्ट सुईपेक्षा जड गेली. ‘अहो, माझ्या सासूबाईंना मी शेवटपर्यंत पेज भरवली,’ त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी ग्लिसरिनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा त्यांच्या हातात दिला. ‘भरवायचंच असेल तर ओठ ओले करा, काकू.’

वेदनेचं काम सगळ्यांत अवघड, कारण प्राणी ती लपवतो. कुत्रं विव्हळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्याआधी ते धापा टाकतं, जागा बदलत राहतं, एकच पंजा चाटतं, पाठीवर हात फिरवला की मान वळवून बघतं. घरातली औषधं तर धोक्याचीच. माणसाची ब्रूफेन कुत्र्याच्या जठराला आणि किडनीला मारक. क्रोसिनची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. पॅरासिटामॉल मोडायची यंत्रणाच मांजराच्या यकृतात पुरेशी नसते, रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं आणि हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात. कुत्र्यांच्या सांधेदुखीवर चालणारं मेलॉक्सिकॅम राणीला देता येत नव्हतं, किडनी आड येत होती. राहता राहिलं गॅबापेंटिन, तेही कमी मात्रेत, कारण ते बाहेर टाकायचं कामही किडनीचंच. अफूजन्य औषधांच्या वाटेवर १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा उभा आहे. २०१८पासून ट्रामाडॉलही त्यात आलं. ट्रामाडॉलचं तसं फार दुःख नाही, कुत्र्याच्या शरीरात त्यापासून खरं वेदनाशामक रूप फारच कमी तयार होतं. पण बाकीची औषधं मिळवताना, त्यांची नोंद ठेवताना छोट्या दवाखान्याच्या नाकी नऊ येतात, आणि बरेच जण तो नाद सोडून देतात. त्याची किंमत जनावर मोजतं.

मांजराचा चेहरा वाचायची एक पद्धत माँट्रियलच्या विद्यापीठात बसवली गेली, २०१९मध्ये ती प्रसिद्ध झाली. कान, डोळ्यांची फट, मुस्कटाचा ताण, मिशा आणि मान, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण. दहापैकी चार झाले की वेदनेवर औषध द्यायचं. सदाशिव पेठेतल्या एका बोक्याच्या घरी डॉक्टरांनी मला ते करायला लावलं. तो कपाटाखाली, मोठ्याने घुरघुरत. मालकीणबाई खूश, ‘बघा, मजेत आहे.’ मांजर दुखतानाही घुरघुरतं. कान बाहेर वळलेले, डोळे अर्धे मिटलेले, मान खांद्याच्या खाली. माझी बेरीज सहा झाली, डॉक्टरांची सात.

जनावराला त्याच्या मरणाने मरू द्यावं की नाही, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. मुंबईत १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारायचा सपाटा लावला तेव्हा पारशांनी दंगा केला होता, आणि १८३४मध्ये भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला, सर जमशेदजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने. निकामी, जखमी, म्हाताऱ्या जनावरांना चारा आणि छप्पर मिळेल, त्यांचा जीव कुणी घेणार नाही, हा त्यामागचा करार. दुसरी बाजू मांडली ती नेमकी अहिंसेच्या माणसाने. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत तळमळत होतं; वाचायची आशा नव्हती. गांधीजींनी डॉक्टरकरवी त्याला विषाची सुई टोचून घेतली. संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला, आणि त्यांनी लेख लिहून आपलं म्हणणं सोडलं नाही. मला या प्रकरणात सुईपेक्षा तिच्याआधीचं जास्त महत्त्वाचं वाटतं: त्यांनी वासराजवळ जाऊन त्याचं दुःख नीट पाहिलं होतं. लांबून घेतलेलं अहिंसेचं नाव आणि लांबून घेतलेलं दयेचं नाव, दोन्ही सारखीच सोयीची.

अमेरिकेत प्राण्यांच्या शेवटच्या शुश्रूषेसाठी २०१६मध्ये पशुवैद्यांच्या दोन संघटनांनी मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या. नैसर्गिक मृत्यूला त्यात जागा आहे, मात्र वेदना शमवण्याची पक्की सोय असेल तरच. नुसतं मरू देणं त्यांना मान्य नाही. या डॉक्टरांचंही म्हणणं तेच, फक्त त्यांच्या भाषेत: ‘मागचा दरवाजा उघडा ठेवायचा.’ ज्या घराने इंजेक्शन नको म्हटलंय त्या घरी जातानाही ते औषध त्यांच्या पिशवीत असतं. श्वास लागला आणि औषधाने बसला नाही, आकडी थांबेना, वेदना कशालाच दाद देईना, तर पुन्हा बोलायचं, हे पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून दोघांच्या सह्या. त्याच पानावर सात गोष्टींचा तक्ता असतो: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकी दहा गुण, पस्तिसाच्या वर असेल तर चालू ठेवायला हरकत नाही. अ‍ॅलिस व्हिलालोबॉस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी २००४मध्ये केलेला हा तक्ता; मराठी डॉक्टरांनी घरी बसून केलं. ‘आनंद’च्या रकान्यात काका रोज सात लिहायचे, काकू चार.

राणीने पाणी सोडलं त्या दिवशी डॉक्टरांनी सलाइन बंद केलं. हे कुणालाच पटत नाही. पाणी पीत नाही म्हणून तर सलाइन हवं ना? पण किडनी ते बाहेर टाकत नसेल तर आत गेलेला प्रत्येक थेंब कुठेतरी साठतो, पायात, छातीत. कोरडं पडत जाणारं शरीर उलट गुंगीत जातं. फुगलेलं शरीर गुदमरतं. काका बराच वेळ त्या रिकाम्या पडद्याच्या दांडीकडे बघत बसले आणि मग उठून चटया पुसायला लागले.

पुढची रात्र सोपी नव्हती. पंजे गार पडले, हिरड्या पांढुरक्या झाल्या, मध्यरात्रीनंतर श्वास वाढत गेला. झोपेत मिनिटाला तिसाच्या आत हवा, तो साडेतीनला अठ्ठेचाळीस होता. काकांनी फोनवर सांगितलं, ‘द्या आता ते इंजेक्शन, बास.’ काकू नको म्हणाल्या. डॉक्टर पोचल्या, त्यांनी ऐकून घेतलं आणि तिसरंच इंजेक्शन दिलं: ब्युटॉर्फनॉल आणि मिडाझोलॅम, घबराट आणि धाप कमी करणारं, जीव न घेणारं. अर्ध्या तासात राणीचं डोकं काकूंच्या मांडीवर सैल झालं. शेवटी काही मोठे, लांब अंतराने येणारे उसासे आले. ते बघायला भयंकर असतात, पण तेव्हा जनावर शुद्धीत नसतं, हे डॉक्टरांनी आदल्या आठवड्यातच सांगून ठेवलं होतं. पहाटे सव्वापाचला संपलं. डोळे उघडेच राहतात, शू होते, पोट एकदा थरथरतं. तेही आधी सांगितलेलं. अंग आखडायच्या आत पाय दुमडून घेतले, खाली बर्फाच्या पिशव्या, अंगावर चादर. महापालिकेची लहान प्राण्यांची दाहिनी उघडेपर्यंत तेवढं पुरतं.

काका अजून म्हणतात, साडेतीनलाच द्यायला हवं होतं. पावणेदोन तास कशासाठी? काकू म्हणतात, झोपेत गेली, मला दिसत होतं. मी डॉक्टरांना विचारलं, बरोबर कोण. त्यांनी वही उघडून शेवटचं पान दाखवलं. साडेतीनच्या ओळीत काकांच्या अक्षरात अठ्ठेचाळीस, साडेचारच्या ओळीत काकूंच्या अक्षरात सव्वीस. ‘मी हा सव्वीस बघून थांबले. इथे पन्नास असता तर मी काकूंची समजूत घालायला बसले असते, आणि पहाटेपर्यंत थांबलेही नसते,’ त्या म्हणाल्या. उरलेल्या तीन बाटल्या त्यांनी पिशवीत टाकल्या. वारज्याला एका लॅब्रेडॉरला त्या संध्याकाळी लागणार होत्या.