ठिपक्यांकडून रेषेकडे

ही गोष्ट एका फ्लेक्सपासून सुरू होते. आमच्या टेक्निकल फेस्टचा लोगो फर्स्ट इयरच्या एका मुलाने कागदावर काढला होता. दातेरी चाकातून झेपावणारा खंड्या. चित्र इतकं सुरेख की सगळ्यांनी एकमताने पास केलं. वेबसाईटचं काम माझ्याकडे. मी कागद स्कॅन केला, रंग भरले, २०० पिक्सेल रुंदीची फाईल केली आणि वेबसाईटवर टाकली. छान दिसली. आठवड्याने तीच फाईल पेनड्राईव्हवर घालून फ्लेक्सवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "दादा, कोरलची फाईल नाही का?" मी म्हटलं, "हीच मोठी करा ना!"

दहा फुटी फ्लेक्स गेटवर लागला आणि खंड्याची झाली गोधडी! हिशोब साधा आहे. दहा फूट म्हणजे ३०४८ मिलिमीटर. त्याला २०० ने भागा. माझा एकेक पिक्सेल दीड सेंटिमीटरचा झाला होता. वर्गणीचे पैसे गेले ते गेलेच, पण तो मुलगा गेटसमोर उभा राहून एवढंच म्हणाला, "दादा, मी असं काढलं नव्हतं." हे मला जास्त लागलं. त्या रात्री मी इंकस्केप शिकायला बसलो.

इंकस्केप हे फुकट मिळणारं, मुक्त सॉफ्टवेअर. २००३ साली ते 'सोडीपोडी' नावाच्या प्रोग्रॅममधून वेगळं झालं. विंडोज, लिनक्स, मॅक, तिन्हीवर चालतं. त्याची फाईल असते एसव्हीजी, म्हणजे वेबसाठी २००१ मध्ये प्रमाणित झालेला व्हेक्टर प्रकार. फोटोच्या फाईलमध्ये प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहिलेला असतो. व्हेक्टरमध्ये लिहिलेली असते कृती : "इथे केंद्र धर, एवढी त्रिज्या घे, निळा रंग भर." चित्र कितीही मोठं करा, कॉम्प्युटर ती कृती नव्या मापात पुन्हा करतो. म्हणून कडा फाटत नाहीत.

वर्तुळ ठीक, पण खंड्याची मान कशी लिहायची? इथे आपल्या मेकॅनिकलवाल्यांची कॉलर ताठ होते. ज्या वक्ररेषा इथे वापरतात त्या मोटारगाड्यांच्या कारखान्यातून आल्या. रेनॉ कंपनीतले इंजिनिअर पिअर बेझिए यांनी १९६० च्या दशकात त्या गाडीच्या बॉडीसाठी वापरल्या. सित्रोएनमधल्या पॉल द कास्तेल्जो यांनी तीच युक्ती १९५९ मध्येच शोधली होती, पण कंपनीने ती गुप्त ठेवली. नाव मात्र बेझिएंचं लागलं.

युक्ती ड्रॉईंग शीटवर करून बघा. अ, ब, क, ड असे चार बिंदू घ्या. अब, बक आणि कड या रेषांचे मध्यबिंदू काढा, म्हणजे तीन बिंदू मिळाले. ते क्रमाने जोडा. झाल्या दोन रेषा, त्यांचेही मध्य काढून जोडा. उरलेल्या एका रेषेचा मध्य हा वक्रावरचा बिंदू! मध्याऐवजी सगळीकडे पाव भाग घेतला की वक्रावरचा दुसरा बिंदू मिळतो. अ आणि ड म्हणजे इंकस्केपमधले नोड, ब आणि क म्हणजे त्यांची हँडल. फ्रेंच कर्व्ह शोधत बसायची गरजच नाही.

पहिल्या रात्री मी आळस केला. 'ट्रेस बिटमॅप' नावाची सोय वापरून स्कॅनवरून आपोआप रेषा काढून घेतल्या. आले आठशेच्या वर नोड! कागदाची खरखरसुद्धा त्याने इमानदारीने टिपली. मग स्कॅन खाली ठेवून, लेयर लॉक करून, वरून पेन टूलने हाताने काढलं. नोड तिथेच द्यायचा जिथे वळणाची दिशा बदलते. सगळा पक्षी ४६ नोडमध्ये बसला. चाकाचा दात एकच काढला आणि केंद्राभोवती ३०-३० अंशांनी फिरवून बारा केले.

आता वेबसाठी ठेचा खाऊन शिकलेल्या चार गोष्टी :

१) पान चित्राच्या मापाचं करा आणि फाईल 'प्लेन एसव्हीजी' म्हणून सेव्ह करा. इंकस्केपची स्वतःची टिपणं त्यातून गळून जातात. व्ह्यूबॉक्स मात्र असलाच पाहिजे, नाहीतर जागेप्रमाणे चित्र लहानमोठं होत नाही.

२) एक पिक्सेल जाडीची आडवी रेषा पूर्णांकावर ठेवली, तर ती अर्धी वरच्या आणि अर्धी खालच्या ओळीत जाते आणि साध्या स्क्रीनवर पुसट दिसते. अर्धा पिक्सेल सरकवा.

३) मराठी अक्षरं! माझ्या कॉम्प्युटरवर सुंदर दिसणारं नाव मित्राच्या मोबाईलवर भलत्याच फॉन्टमध्ये आलं आणि चौकटीबाहेर गेलं, कारण माझा फॉन्ट त्याच्याकडे नव्हता. उपाय : 'ऑब्जेक्ट टू पाथ'. अक्षरांच्या आकृत्या होतात. पण मग मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाईल आधी जपून ठेवा.

४) १६ पिक्सेलच्या चिन्हासाठी वेगळं, सोपं चित्र करा. तिथे बारा दात मावत नाहीत. आम्ही फक्त चोच आणि डोळा ठेवला.

आणि हो, फोटोसाठी व्हेक्टर नाही. गॅदरिंगचे फोटो जेपीजीतच बरे.

चित्र झाल्यावर त्या मुलाला लॅबमध्ये बोलावलं. त्याने बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं, माझ्या हातून माऊस घेतला आणि मानेवरचं एक हँडल जरासं ओढलं. पक्षी एकदम झेपावला! "आता बरोबर," तो म्हणाला.

यंदाचा फ्लेक्स त्याच फाईलच्या पीडीएफवरून छापलाय. गेटमधून येताना जवळ जाऊन बघा. ठिपका सापडला तर कँटीनचा चहा माझ्याकडून!

- तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी