लो-फाय, कारलं आणि एक पत्र्याचा डबा

कोल्हापूरहून बोलतोय. ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना मधे मधे येणारं ‘म्हणजे बघा’ थोडं छाटलंय, बाकी आहे तसंच.

विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटमधून आला. पोरगं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतंय. म्हणालं, “भावा, जपानी लोक शंभर-शंभर वर्षं जगतात. मग मी रात्री लो-फाय लावून अभ्यास केला आणि वर रामेनचं पाकीट मारलं, तर हेल्दीच की!”

ऐकून हसू आलं, पण प्रश्न चांगला आहे. कारण लो-फाय आणि जपानी जेवण यांचं खरंच नातं आहे. फक्त ते रामेनच्या पाकिटातून जात नाही. ते जातं कारल्यातून.

आधी गाणं. लो-फाय म्हणजे तो संथ ठेका, जुन्या तबकडीची खरखर, मागे जॅझचा एखादा पियानोचा तुकडा. हा प्रकार ज्यांच्यामुळे जगभर पोचला त्यात एक मोठं नाव नुजाबेस. खरं नाव जुन सेबा. ‘सेबा जुन’ ही रोमन अक्षरं उलटी वाचली की नुजाबेस होतं. जन्म 1974, आणि 2010 मध्ये टोकियोत रस्ता अपघातात गेला. छत्तीस वर्षांचं आयुष्य. त्याचं संगीत घराघरात पोचलं ते 2004 च्या ‘सामुराई चाम्पलू’ या अ‍ॅनिमे मालिकेमुळे. तलवारी जुन्या काळातल्या आणि पार्श्वसंगीत हिप-हॉपचं. आपल्याकडे कुणी शिवकालीन मालिकेला रॅपचा ठेका दिला असता तर काय गदारोळ झाला असता, विचार करा.

आता त्या नावातलं ‘चाम्पलू’ घ्या. हा शब्द ओकिनावा बेटांवरचा. मूळ शब्द चाम्पुरू, अर्थ मिसळ. आपली फरसाणवाली मिसळ नव्हे, नुसतं ‘मिसळलेलं’. आणि तिथल्या घरोघरच्या एका परतलेल्या भाजीचंही हेच नाव. सगळ्यात प्रसिद्ध चाम्पुरू म्हणजे गोया चाम्पुरू. गोया म्हणजे कारलं! तेच, जे आई ताटात वाढते आणि आपण हळूच कडेला सरकवतो.

तिथं कारल्यात पडतं टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, वर फोडलेलं अंडं आणि थोडं डुकराचं मांस. मांस नको असेल तर वगळा. मी घरी करतो ते असं: कारलं उभं चिरून चमच्यानं बिया काढायच्या, पातळ अर्धचंद्र कापायचे, मीठ चोळून दहा मिनिटं ठेवायचे आणि घट्ट पिळायचे. कढईत टोफू आधी लाल करून बाजूला काढायचं. मग कारलं मोठ्या आचेवर परतायचं, टोफू परत टाकायचं, वरून दोन अंडी, शेवटी चमचाभर सोया सॉस. त्या सॉसमध्ये भरपूर मीठ असतं, म्हणून वेगळं मीठ नको. त्यांचं कारलं जाड आणि जरा कमी कडू असतं, आपलं कडकच. पण गूळ न घालताही कारलं खाता येतं हे मला यातून कळलं. टोफू मिळालं नाही तर साधं पनीर चालतं. कोल्हापूर जिल्ह्यात खरिपाला सोयाबीन एवढं पिकतं, पण आपण ते बाजारात विकून मोकळे होतो. ताटात ते क्वचितच येतं.

ओकिनावाची माणसं दीर्घायुषी म्हणून जगभर गाजली ती अशा जेवणावर. 1950 च्या आसपास तिथल्या साध्या माणसाच्या पोटात जाणाऱ्या एकूण ऊर्जेतला निम्म्याहून जास्त वाटा रताळ्याचा होता. भाताचा नव्हे, माशांचा तर नाहीच. रताळं तिथं 1605 मध्ये चीनमधून आलं आणि वादळात भात आडवा व्हायचा तिथं ते जमिनीखाली टिकलं. सोबत सोयाबीन, पालेभाज्या, समुद्रातलं शेवाळ. मांस सणासुदीला. गरिबीचंच जेवण हो. आपल्याकडे चंदगड-बेळगाव पट्ट्यात रताळी पोत्यांनी निघतात, आणि आपल्याला आठवतात ती फक्त एकादशीला.

शिवाय त्यांची एक सवय आहे, ‘हारा हाची बु’. पोट दहातलं आठ भाग भरलं की थांबायचं. ही सवय कोल्हापुरात रुजणं अवघड आहे, कबूल करतो. इथं पाहुण्यानं वाटीवर हात ठेवला तरी बोटांच्या फटीतून पांढरा रस्सा ओततात.

आता त्या डब्याची गोष्ट.

1945 च्या एप्रिल ते जून या काळात ओकिनावात भयंकर लढाई झाली. बेटावरची जवळजवळ चौथा हिस्सा सामान्य माणसं मेली असं मानतात. जी वाचली त्यांना अमेरिकन सैन्यानं छावण्यांत ठेवलं. घरं जळालेली, भांडी गेलेली, वाद्यंही गेलेली. तिथलं जीव की प्राण असलेलं वाद्य म्हणजे सानशिन: तीन तारा, लांब मान, आणि सापाचं कातडं मढवलेला छोटा पोकळ भाग. ते कुठून आणणार? मग लोकांनी सैन्याच्या रसदीतले रिकामे पत्र्याचे डबे घेतले, खाटेचं लाकूड मानेला लावलं, पॅराशूटच्या दोऱ्या तारा म्हणून ताणल्या आणि त्यावर जुनी गाणी वाजवायला सुरुवात केली. याला ‘कानकारा सानशिन’ म्हणतात. कानकारा म्हणजे रिकामा डबा. आजही तिथं मुलांना शिकवायला असली सानशिनं बनवतात.

पण डबा रिकामा होण्याआधी त्यात काय होतं? डबाबंद खारवलेलं डुकराचं मांस. ते पोटात गेलं आणि तिथंच राहिलं. ओकिनावा 1972 पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होतं. लष्करी तळांसोबत बर्गर आले, तळलेलं आलं, आणि गोया चाम्पुरूतही ताज्या मांसाऐवजी डब्यातलं मांस पडायला लागलं.

संगीतातही मिसळ झालीच. 1970 च्या दशकात शोकिची किना या गायकानं सानशिनला इलेक्ट्रिक गिटार जोडली आणि बँडचं नाव ठेवलं चाम्पलूज. पुन्हा तीच भाजी! ही मिसळ जमली. सानशिन गेलं नाही, उलट नव्या पोरांच्या हातात आलं. ताटातली मिसळ मात्र अंगाशी आली. 2000 सालच्या आकडेवारीत पुरुषांच्या आयुर्मानात ओकिनावा जपानच्या 47 प्रांतांत एकदम 26 वर घसरलं. जपानमध्ये त्याला ‘26 चा धक्का’ असंच नाव पडलं. बायका तेव्हाही पहिल्या होत्या, कारण रताळ्यावर वाढलेल्या आज्या अजून होत्या. 2020 पर्यंत पुरुष 43 वर आणि बायका 16 वर गेल्या. जेवण बदलायला एक पिढी लागली, आणि परिणाम दिसायला आणखी एक.

म्हणून त्या श्रोत्याला माझं उत्तर: ज्या जपानी जेवणाची कीर्ती तू ऐकलीस ते रामेन नाही. पाकिटातलं नूडल्स तर नाहीच नाही. एक हिशेब सांगतो, तेवढा लक्षात ठेव. पाकिटाच्या मागे सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याला अडीचनं गुणलं की मिठाचे मिलिग्रॅम मिळतात. 1000 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते. जपानी इन्स्टंट रामेनचं एक पाकीट सूपसकट पिऊन टाकलं तर तिथंच पाच ग्रॅमच्या आसपास जातोस, आणि रात्रीचे अकरा वाजलेले असतात. खरं सांगायचं तर मीठ ही अख्ख्या जपानची दुखती नस आहे: मिसो, लोणची, सोया सॉस, सगळं खारट. सरासरी माणूस दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास खातो. तेव्हा ‘जपानी’ म्हणजे आपोआप पथ्याचं, असं काही नाही.

आणि आपण? आपल्याला ‘जगात भारी’ म्हणायची सवय आहे, पण एका जागी ते खरंच लागू पडतं. 1977 मध्ये नासानं व्हॉयेजर यानांसोबत सोनेरी तबकडी अंतराळात पाठवली. त्यात भारताचं एकच गाणं आहे, केसरबाई केरकरांची भैरवी. जपानचा तुकडा आहे गोरो यामागुची यांनी वाजवलेल्या शाकुहाचीचा, म्हणजे बांबूच्या बासरीचा. केसरबाई गोव्याच्या, पण त्यांचे गुरू अल्लादिया खाँ हे शाहू महाराजांच्या दरबारातले गवई. म्हणजे कोल्हापुरात वाढलेली गायकी आणि जपानी बासरी गेली जवळपास पन्नास वर्षं एकाच तबकडीवर सूर्यमालेबाहेर चालली आहेत. भैरवी तीन-साडेतीन मिनिटांची आहे, रीलपेक्षा थोडी मोठी. ऐका.

पण मला याहून जवळचं उदाहरण वाटतं ते रेणुकेच्या आंबील यात्रेचं. सौंदत्तीची यात्रा करून लोक परतले की कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेला नैवेद्य होतो: आंबील, भाकरी, वरणं-वांग्याची भाजी, कांद्याची पात, गाजर. आणि बाजूला जोगत्यांचं चौंडकं वाजत असतं. पोकळ नळकांडं, एका बाजूला चामडं, एकच तार. कानकारा सानशिनचा दूरचा भाऊच म्हणा. ती तार ताणली आणि सैल सोडली की जो आवाज निघतो, तो बीट बनवणाऱ्या पोरांनी एकदा सॅम्पल करून बघावा. लो-फायला जी खरखर मुद्दाम घालावी लागते, ती चौंडक्यात आधीच आहे.

चौंडकं टिकेल असं मला वाटतं, गाण्याला गिऱ्हाईक मिळतंच. आंबिलीची काळजी वाटते. वर्षातून एकदा नैवेद्याला उरली की तिचं रताळंच झालं.

आंबील करायला काही लागत नाही. रात्री दोन चमचे नाचणीचं पीठ वाटीभर पाण्यात किंवा ताकात कालवून झाकून ठेवायचं. सकाळपर्यंत ते किंचित आंबतं. जपानी मिसोत बुरशी महिनोन् महिने जे काम करते, त्यातलं थोडंसं इथं जिवाणू एका रात्रीत करतात. सकाळी दोन वाट्या पाणी उकळून त्यात हे ओतायचं, गुठळी होऊ न देता पाच-सात मिनिटं ढवळायचं. गार झाल्यावर ताक, ठेचलेला लसूण, जिरं आणि चिमूटभर मीठ. चिमूटभरच! त्या अभ्यास करणाऱ्या पोराला ही कृती व्हॉइस नोटवर पाठवली आहे. त्याचं उत्तर आलंय: “लसूण नको, रूममेट बाहेर काढंल.” तर भावा, लसूण वगळ.

पुढच्या भागात बीट बनवणाऱ्या दोघांना बोलवायचा विचार आहे. त्यांनी चौंडकं मिळवलं तर.