दगडावरचं धुकं

लंडनचा जुना बॅटरसी पूल देखणा म्हणावा असा नव्हता. 1770 च्या दशकातलं ते लाकडी बांधकाम, खांब इतके दाटीचे की नावा हमखास धडकायच्या. चित्रकार जेम्स मॅकनील व्हिसलर चेल्सीला नदीकाठीच राहायचा आणि हाच पूल पुन्हा पुन्हा काढायचा. 1878 मध्ये त्याने तो कॅनव्हासऐवजी दगडावर काढला. चित्राचं नाव ‘द ब्रॉड ब्रिज’. पुढे जाडजूड लाकडी खांब, पलीकडचा काठ मात्र जेमतेम असल्यासारखा.

दगड म्हणजे बव्हेरियातला झोल्नहोफनचा चुनखडक. तेल आणि पाण्याचं जमत नाही, एवढ्याच गोष्टीवर आलॉइस झेनेफेल्डरने 1790 च्या दशकात दगडावरून छापायची ही रीत, म्हणजे शिळाछाप, बसवली. तेलकट शाईने काढलेली जागा शाई धरते, बाकीचा ओला दगड ती झिडकारतो. गणपत कृष्णाजींनी 1831 साली मुंबईत पंचांग छापलं तेही शिळाछापावरच.

पंचांगाला रेघ ठळक हवी. धुक्यात रेघच नको. म्हणून व्हिसलरने शाई पातळ करून जलरंगासारखी कुंचल्याने दगडावर पसरली. या रीतीला लिथोटिंट म्हणतात. त्याला या वाटेला लावलं ते मुद्रक थॉमस वे याने. दगडावर आधी फिकट राखाडी थर दिलेला असे. व्हिसलर तो जागोजागी खरवडून उजेड काढी.

खरी कसोटी त्यानंतरची. दगडाला डिंक आणि आम्ल लावावं लागतं. आम्ल जास्त झालं की फिकट छटा खाऊन टाकतं आणि पलीकडचा काठच नाहीसा होतो. कमी पडलं तर त्याच छटा शाई पिऊन काळ्याकुट्ट होतात. या दोन्हींच्या मधे जे तगतं, ते धुकं. व्हिसलर सहीऐवजी फुलपाखरू काढायचा, आणि लोकांना तेवढंच दिसतं. धुक्याचं निम्मं श्रेय तरी वेच्या अंदाजाला द्यायला हवं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हिसलरने समीक्षक जॉन रस्किनवर केलेला अब्रुनुकसानीचा खटला उभा राहिला. याच पुलाचं त्याचं एक तैलचित्र कोर्टात मांडलं होतं, आणि पुलावर दिसतात ती माणसंच का, असं खुद्द न्यायाधीशांनी विचारलं. व्हिसलर जिंकला. भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा! पुढच्या वर्षी त्याचं दिवाळं निघालं.

लाकडी पूल 1885 मध्ये पाडला. त्याच्या जागी 1890 मध्ये अभियंता जोसेफ बॅझलजेटचा लोखंडी पूल खुला झाला. वाहतूक आजही त्यावरूनच चालते.