प्लॉट घेताना माती पाहिली का?

पनवेल परिसरात प्लॉट घेऊन घर, गाळा किंवा गोदाम बांधणारे व्यापारी बांधव आमच्या दुकानी नेहमी येतात. रस्ता किती फुटी, सात-बारा साफ आहे का, दर्शनी बाजू किती, हे सर्व बारकाईने पाहिलेले असते. जमिनीखाली काय आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. 2011 साली आम्हीही विचारले नव्हते.

आम्ही कापडवाले. कोरे कापड आटते, शिवण्याआधी भिजवून घ्या, हे गिऱ्हाईकाला रोज सांगणारे. पण भातखाचराच्या जागेवर गोदाम बांधताना ठेकेदाराने शेजारच्या इमारतीचा नकाशा पुढे केला, चार फूट खड्डे खणून फुटिंग ओतले आणि आम्ही मान डोलावली. तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली. गिलावा करून रंग दिला. पुढच्या मे महिन्यात ती परत हजर, आणि ऑगस्टमध्ये जवळजवळ मिटलेली! आम्ही समजलो, बला टळली.

खरा प्रकार एका इंजिनिअर दोस्ताने समजावला. चिकण काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरले की माती फुगते, वाळली की आकसते. विदर्भ-मराठवाड्यात कपाशी पिकते ती याच जातीच्या मातीत. म्हणजे आमच्या धंद्याला सूत देणारी मातीच आमची भिंत फाडत होती. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि पुढे कोरड, त्यामुळे हा खेळ दरसाल चालतो. एप्रिल-मेमध्ये खाचरात पडलेल्या भेगा सर्वांनी पाहिल्या आहेत. पावसात इमारतीच्या कडेची माती आधी भिजते, फरशीखालची मधली कोरडी राहते. उन्हाळ्यात कडेचीच आधी वाळते. सगळे घर सारखे उचलले गेले तर फारसे बिघडत नाही. कोपरा वर आणि मध्य खाली झाला की भिंत तडकते. नवल असे की बैठ्या घराला हा त्रास जास्त होतो, कारण फुगणाऱ्या मातीला दाबून ठेवण्याइतके वजनच त्याला नसते.

खाडीकडचा चिखल हे दुसरे प्रकरण. तो इमारतीच्या वजनाने वर्षानुवर्षे दबत जातो. तिथली भेग मिटत नाही, एकाच दिशेने वाढते. म्हणून भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहून ठेवावी आणि दर महिन्याला भेगेची रुंदी मोजावी.

माती ओळखण्याची चाचणी सोपी आहे. वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती मापाच्या दोन नळ्यांत घालतात. एकीत पाणी, दुसरीत घासलेट. घासलेटात माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्हींची उंची पाहतात. घासलेटात 12 आणि पाण्यात 24 मिलिलिटर भरली तर फुगवटा 100 टक्के. पन्नासच्या आत असेल तर काळजी कमी. शंभरच्या वर गेला तर नेहमीचे फुटिंग चालणार नाही. नमुने मात्र प्लॉटच्या दोन-तीन ठिकाणांहून घ्यावेत. एका बाजूस जुन्या नाल्याचा भराव निघतो आणि दुसऱ्या बाजूस खाचर, असे इथे पुष्कळदा होते.

इलाज मातीवर ठरतो. मुरूम किंवा खडक जवळ असेल तर काळा थर ओलांडून फुटिंग त्यावर बसवावे. थर खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने रूढ केलेले, तळाशी फुगा असलेले पाइल उपयोगी. फुग्याचा व्यास दांड्याच्या साधारण अडीचपट असतो आणि अशा खोल थरात लांबी निदान साडेतीन मीटर लागते. पाइलवरचा बीम जमिनीला टेकवायचा नाही, खाली 80 मिलिमीटर पोकळी ठेवायची. आमच्या ठेकेदाराला हे सांगितले तेव्हा तो हसला होता. फरशीखाली वाळू भरण्याची सवयही महाग पडते, कारण वाळू पाणी साठवून मातीला पाजत राहते. मुंबईच्या आय.आय.टी.चे प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारे मीटरभर थर देण्याची पद्धत मांडली. योग्य जातीचा मुरूम त्या कामी येतो. ऑस्ट्रेलियात तर जमीन किती मिलिमीटर हलेल यावरून प्लॉटची जात ठरते: 20 ते 40 मध्यम, 75 च्या वर अतिशय वाईट. त्याप्रमाणे स्लॅब आणि त्याखालच्या बीमची खोली काढतात.

बांधून झालेल्या घराला सभोवती बाहेर उताराचा पक्का पट्टा करावा, गळकी मोरी आधी दुरुस्त करावी, भिंतीलगत मोठे झाड लावू नये. आम्ही गोदामाला पट्टा केल्यावर भेगेची हालचाल बरीच कमी झाली. मरम्मतीवर तोपर्यंत जे गेले त्यात माती तपासणी वीसदा झाली असती.

आता मुलांना वर मजला चढवायचा आहे. आम्ही तीन ठिकाणी खड्डे घेऊन नमुने प्रयोगशाळेत दिले आहेत. काचपट्टीवर दिवाळीपर्यंतच्या नोंदी होऊ द्या, मग विटांची ऑर्डर, असे त्यांना सांगितले आहे.