पत्र अडते कोठे? : संगणकावरील ई-मेलच्या नेहमीच्या अडचणी

ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही पुस्तिका निघत आहे, त्यांच्या वर्गात पत्रलेखनाचा स्वतंत्र तास असे. मायना, मजकूर, सही या सर्वांपेक्षा त्यांचा कटाक्ष पत्त्यावर असे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला, तेव्हा संकेश्वरचे सहा आकडे त्यांनी फळ्यावर लिहून आमच्याकडून पाठ करून घेतले होते. पत्र पोहोचले नाही, तर टपालखात्याला नावे ठेवण्यापूर्वी आपण काय लिहिले ते पाहावे, ही त्यांची शिकवण. बरोबर २३ वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले आणि पुढे पत्राचे रूपच पालटले. गुरुजींची शिकवण मात्र जुनी झाली नाही.

माझ्या वयाची माणसे ई-मेल आली किंवा गेली नाही की ‘संगणक बिघडला’ असे म्हणून मोकळी होतात. मीही त्यांतलाच होतो. या अज्ञानाची किंमत मी मोजली आहे, म्हणूनच हा विषय मुद्दाम निवडला. विवेचनासाठी उदाहरण ‘थंडरबर्ड’ या विनामूल्य कार्यक्रमाचे घेतले आहे. तथापि तत्त्वे सर्वत्र तीच आहेत.

प्रथम पत्राचा प्रवास ध्यानी घ्यावा. आपण ‘पाठवा’ हे बटण दाबतो, तेव्हा पत्र थेट मित्राच्या घरी जात नाही. ते आपल्या सेवादात्याच्या जाणाऱ्या टपालाच्या सर्व्हरकडे जाते. तेथून मित्राच्या सेवादात्याकडे जाते आणि मित्र आपली पेटी उघडेपर्यंत तेथेच थांबते. पत्र पुढे नेण्याच्या नियमांना ‘एसएमटीपी’ म्हणतात. ते १९८२ साली लेखी स्वरूपात आले. आलेले पत्र उचलण्याच्या रीती दोन आहेत. ‘पॉप’ या रीतीत पत्र आपल्या संगणकावर उतरवून घेतले जाते. ‘आयमॅप’ या रीतीत मूळ प्रत सर्व्हरवर राहते आणि आपण तिचे दर्शन घेतो. जाण्याचा आणि येण्याचा मार्ग असे वेगवेगळे असल्यामुळेच पुष्कळदा पत्रे येतात पण जात नाहीत, किंवा याच्या उलट घडते. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा की, अडले आहे ते जाणारे टपाल की येणारे?

जाणारे पत्र अडले असेल, तर आधी इंटरनेट चालू आहे ना, आणि कार्यक्रम चुकून ‘ऑफलाइन’ ठेवलेला नाही ना, हे पाहावे. त्यानंतर पोर्टचा क्रमांक तपासावा. जुन्या मांडणीत तो २५ असतो. नको असलेल्या जाहिरातींचा पूर रोखण्यासाठी अनेक सेवादात्यांनी ही वाट सामान्य ग्राहकांना बंद केली आहे. तिच्याऐवजी ५८७ किंवा ४६५ हा क्रमांक आपल्या सेवादात्याच्या सूचनेप्रमाणे घालावा. तिसरे कारण जोडपत्राचे वजन. छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण ई-मेलमधून नेताना त्याचे साध्या अक्षरांत रूपांतर करावे लागते आणि त्यात आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. त्यामुळे २० मेगाबाइटची फाइल वाटेत २७ च्या घरात जाते आणि २५ ची मर्यादा असलेल्या ठिकाणी अडते.

पत्र परत आले, तर सोबतचा इंग्रजी मजकूर पाहून घाबरू नये. त्यातील तीन आकडी क्रमांक शोधावा. तो ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती असते. सर्व्हर सहसा आपणहून पुन्हा प्रयत्न करतो. ५ ने सुरू होत असेल तर नकार कायमचा समजावा. ५५० हा क्रमांक बहुधा पत्ता चुकल्याचे सांगतो, ५५२ हा पेटी भरल्याचे किंवा पत्र जड झाल्याचे. टपालवाल्याने पाकिटावर मारलेल्या ‘मालक सापडत नाही’ या शेऱ्याचाच हा नवा अवतार होय.

येणारे टपाल थांबले आणि कार्यक्रम पुन्हापुन्हा परवलीचा शब्द विचारू लागला, तर तो शब्द चुकलाच असे समजू नये. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी इतर कार्यक्रमांतून केवळ नाव व परवलीचा शब्द देऊन आत येण्याची सोय बंद केली. तेव्हा कित्येकांची वर्षानुवर्षे चाललेली मांडणी एका दिवसात निकामी झाली. येथे खात्याच्या मांडणीत ओळख पटवण्याची पद्धत म्हणून ‘ओऑथ२’ निवडावी लागते. मग गूगलचेच पान उघडते आणि परवानगी तेथे द्यायची असते.

आणखी एक कारण शाळांनी विशेष लक्षात ठेवावे. उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद राहिलेला जुना संगणक जूनमध्ये उघडला की, आतील नाण्याएवढी बॅटरी संपल्यामुळे त्याची तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असते. सर्व्हर आपल्या ओळखीचे जे प्रमाणपत्र दाखवतो, त्यावर मुदतीच्या तारखा असतात. मागे पडलेल्या संगणकाला ते प्रमाणपत्र अद्याप सुरूच न झालेले वाटते आणि तो संबंध तोडतो. तारीख नीट केली की पत्रे येऊ लागतात. बॅटरी बदलली की दुखणे कायमचे जाते.

आता आपल्या सीमाभागाच्या जिव्हाळ्याची अडचण. जुने मराठी पत्र उघडावे आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा खच दिसावा, हा अनुभव अनेकांना असेल. आरंभी ई-मेलची व्यवस्था केवळ १२८ चिन्हांची होती. देवनागरीला तीत जागाच नव्हती. १९९२ साली ‘माइम’ हे नियम आले आणि इतर लिप्यांना वाट मिळाली. परंतु आपल्याकडे श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांतील फाँट वापरले जात. त्यांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. वाचणाऱ्याकडे नेमका तोच फाँट नसेल, तर ‘अ’ ऐवजी भलतेच काही दिसे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तीत प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळाला. देवनागरीला १२८ जागांचे एक घर आणि कानडीला तसेच दुसरे. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली आणि २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये कानडीची. संकेश्वरच्या माणसाला एकाच पत्रात दोन्ही शेजारणी निर्वेधपणे बसवता येऊ लागल्या. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तर ‘क’ ची कळ दोन्ही लिप्यांसाठी एकच आहे.

म्हणून पत्र वाचता येत नसेल, तर प्रथम ‘पाहा’ या यादीतून मजकुराची संकेतप्रणाली दुरुस्त करून पाहावी. पत्र मुळात युनिकोडमध्ये असेल, तर ते सुवाच्य होते. जुन्या फाँटमध्ये लिहिलेले असेल, तर मात्र तो फाँट मिळवावा किंवा परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. असे पत्र ‘कचरा’ म्हणून कधीही पुसू नये. अक्षरे सुरक्षित असतात, हरवलेली असते ती किल्ली.

सर्वांत भीतिदायक प्रसंग म्हणजे पेटी अचानक रिकामी दिसणे. माझे एक सहाध्यायी आणि मी या भागातील मराठीत मुरलेल्या कानडी शब्दांविषयी कित्येक वर्षे ई-मेलवर चर्चा करीत होतो. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का या सर्वांना ठाऊक असलेल्या शब्दांपासून हुक्केरीच्या बाजारात ऐकलेल्या शब्दांपर्यंत ती पोहोचली होती. मी ‘पॉप’ रीत वापरीत होतो आणि सर्व्हरवर प्रत ठेवण्याची खूण केलेली नव्हती. संगणकाची तबकडी निकामी झाली आणि पहिल्या सात वर्षांची पत्रे कायमची गेली. पुढे ते स्नेही निवर्तले. त्यानंतर एका सकाळी उरलेल्या पत्रांची पेटीही रिकामी दिसली. मी खाते काढून टाकून नव्याने मांडणी करायला निघालो होतो, इतक्यात एका जुन्या विद्यार्थ्याने माझा हात धरला आणि आधी फाइलचा आकार पाहू या, असे सुचवले. आकार भरपूर होता.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. थंडरबर्ड पेटीतील पत्रे सहसा एका फाइलमध्ये साठवतो आणि त्यांची सूची ‘एमएसएफ’ नावाच्या दुसऱ्या फाइलमध्ये ठेवतो. ग्रंथालयातील सूचीपत्रे विस्कटली म्हणून कपाटातील ग्रंथ नाहीसे होत नाहीत. पेटीच्या नावावर उजवी कळ दाबून गुणधर्मांत जावे आणि ‘फोल्डर दुरुस्त करा’ हे बटण दाबावे. सूची नव्याने तयार होते. माझ्या स्नेह्यांची पत्रे तशीच परत आली. पहिली सात वर्षे मात्र आली नाहीत, कारण त्यांची दुसरी प्रत कोठेच नव्हती.

यातून चार नियम हाती लागतात. पडद्यावरील सूचना पूर्ण वाचावी व वहीत उतरवून घ्यावी. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे गुण कशाने आला ते कळते. दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी कार्यक्रम बंद करून त्याचा संपूर्ण प्रोफाइल फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावा. ‘मदत’ यादीतील अडचण-निवारणाच्या माहितीत त्याचा ठावठिकाणा मिळतो. आणि दुरुस्तीच्या निमित्ताने फोनवर कोणी परवलीचा शब्द विचारला, तर तो सांगू नये.

पोस्टकार्डे आपण ट्रंकेत जपून ठेवली, म्हणून मागच्या पिढीचे मन आपल्याला वाचता येते. नव्या पत्रांनाही ट्रंक हवी. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या पत्रांची एक प्रत वेगळी काढून ठेवली, तर गुरुजींचा पत्रलेखनाचा तास अजून चालू आहे, असे म्हणता येईल.